शरयूबाईंचे चार डबे

शरयूबाई मेट्रन झाल्या त्याच आठवड्यात त्यांनी आमच्या वॉर्डातली कचऱ्याची बादली सगळ्यांसमोर उलटी केली. जमिनीवर जुनं रबरी कापड अंथरलं, त्यावर बादली रिकामी केली आणि लांब चिमटा घेऊन स्टुलावर बसल्या. सकाळचे साडेसात वाजले होते, पाळी बदलायची वेळ. घरी निघालेल्या नर्सेसनाही त्यांनी थांबवून घेतलं होतं, त्यामुळे सगळ्यांची तोंडं वाकडी झाली होती. माझंही.

ढिगातून गॉजची न उघडलेली दोन पुडकी निघाली. तीन चमचे, एक धड थर्मामीटर, एका कोपऱ्यालाच डाग पडलेली चादर, अर्धवट खाल्लेल्या सात पोळ्या, केळ्याच्या साली, रक्ताने भिजलेली ड्रेसिंगं. आणि या सगळ्यात विखुरलेल्या चौदा सुया.

"ही बादली कोण उचलतं?" त्यांनी विचारलं.

दाराशी तानूमावशी उभी होती. आमच्या वॉर्डातली झाडूपोछा करणारी, पन्नाशीच्या आसपासची. "मी उचलते की, बाई."

"हाताने?"

"मग आनि कशानं उचलू?"

शरयूबाई तिच्या हातांकडे बघत राहिल्या. मग चिमट्याने एकेक सुई उचलून एका वाटीत टाकली आणि आम्हाला म्हणाल्या, "जा आता घरी." आम्हाला वाटलं, नवीन आहेत, महिन्याभरात थंड होतील.

ही चौऱ्याण्णव सालची, दिवाळीआधीची गोष्ट. मिरजेत एका ट्रस्टचा दोनशे खाटांचा दवाखाना होता. नाव सांगत नाही. मी साताऱ्याहून तिथे नर्स म्हणून लागले त्याला दीड वर्ष झालं होतं. त्याच पावसाळ्याच्या शेवटी सुरतेला प्लेग झाला होता. सगळीकडे कचऱ्याचं नाव निघालं की लोक दचकायचे. आमच्या दवाखान्यात फाटकाशी पांढरी पावडर टाकली गेली, एक फलक लागला आणि स्वच्छता झाली असं ठरलं. इमारतीच्या मागे, शवागाराच्या भिंतीलगत मात्र कमरेएवढा ढीग होता तसाच होता. त्यात कुत्री असायची आणि सलाइनच्या बाटल्या वेचणाऱ्या बायका असायच्या.

शरयूबाई वाईच्या. वडील तिथल्या शाळेत कारकून. त्यांना सगळे तात्या म्हणत. एकसष्ट साली मुलगी नर्सिंगला जाणार म्हटल्यावर चुलत्यांनी बोलणं टाकलं, पण तात्यांनी फॉर्मवर सही केली आणि स्वतः एसटीने येऊन तिला मिरजेत सोडलं. शरयूबाईंनी लग्न केलं नाही. का, ते विचारायची कोणाची छाती नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात त्या म्हसवडच्या बाजूला एका लहानशा दवाखान्यात होत्या. दिवसाला पाण्याचे दोन हंडे मिळायचे. त्यातल्या एकात सकाळी एकदाच आग पेटवून दिवसभराच्या सुया, कात्र्या, चिमटे उकळून काढायचे. तेच पाणी निवलं की फरशी पुसायला. "तिथे दोन वर्षं काढली आणि खोड लागली ती लागलीच," असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. "नळ वाहताना दिसला की आधी जाऊन बंद करते."

पुढच्या महिन्यात इमारतीला रंग लावायचं काम चालू होतं. शरयूबाईंनी रंगाऱ्यांकडून रिकामे पत्र्याचे डबे मागून घेतले, धुऊन ठेवले आणि प्रत्येक वॉर्डाला चार-चार दिले. आधी त्यांनी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. तानूमावशीने एक डबा हातात घेऊन फिरवून पाहिला.

"बाई, ह्या चिठ्ठ्या कुनासाठनं?"

"कशात काय टाकायचं ते लिहिलंय."

"आमच्यात वाचाया कुनाला येतंय? रंग द्या की. रंगाऱ्याकडं उरलाय तो."

शरयूबाईंनी त्याच दुपारी चिठ्ठ्या काढल्या. लाल डब्याला झाकण ठोकून घेतलं आणि झाकणाला भोक पाडलं. सुया आणि ब्लेड फक्त त्यात. रक्ताचं, पुवाचं सगळं पिवळ्यात. उष्टं-खरकटं हिरव्यात. कागद, पुठ्ठा, वेष्टनं पांढऱ्यात. नियम एवढाच. लहान मुलालाही कळेल, पण आमच्या दवाखान्यात तो अंगवळणी पडायला आठ महिने लागले.

खरं सांगायचं तर आम्हीच नडलो. वीस पेशंटांची इंजेक्शनं, ड्रेसिंगं, डॉक्टरांची फेरी, नातेवाइकांची बडबड, आणि त्यात प्रत्येक कापसाच्या बोळ्याचा रंग ठरवत बसायचं. मला लय वैताग यायचा. डॉक्टरांचं तर विचारायलाच नको. एका सर्जननी भर वॉर्डात सांगितलं, "मेट्रन, मी ऑपरेशनं करतो. भंगार निवडणं माझ्या कामात बसत नाही." शरयूबाई म्हणाल्या, "सुई तुमच्या हातात असते तेव्हा ती तुमचीच असते. खाली पडली की मावशीची होते. एवढाच माझा मुद्दा आहे." ते निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून तानूमावशी लाल डबा कडेवर घेऊन फेरीत डॉक्टरांच्या मागे उभी राहायला लागली. सुई निघाली की डबा पुढे. "आवं डाक्टर, हितं." शेवटी डॉक्टरच कंटाळले आणि टाकायला लागले.

हे चालू असताना शरयूबाई लाँड्रीत जाऊन बसायला लागल्या. लाँड्री बघायचा बिराप्पा, जतच्या पलीकडचा, घरी निम्मं कानडी बोलणारा. मेट्रनला तो अक्का म्हणायचा. तिथे कपडे तीन पाण्यांतून निघायचे आणि तिन्ही पाणी गटारात. शरयूबाईंनी तिसरं पाणी ओंजळीत घेऊन पाहिलं. स्वच्छ होतं.

"बिराप्पा, हे पाणी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पाण्याला चालेल?"

"चालतंय की."

"संडास धुवायला?"

"त्येलाबी चालतंय."

"मग इतकी वर्षं सोडून का देताय?"

बिराप्पा हात पुसत म्हणाला, "अक्का, मला ठावं हाय सोळा वरसं. पर इचारलंय कोन मला?"

त्याच महिन्यात बिराप्पाने जुन्या इमारतीतून निघालेले पाइप जोडून ते पाणी एका टाकीत घेतलं. टाकीतून संडासांना. मग शरयूबाई ऑपरेशन थिएटरकडे वळल्या. तिथे कपडे आणि हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं मोठं यंत्र दिवसातून पाच-सहा वेळा लागायचं, आणि निम्म्या वेळा निम्मं रिकामं. त्यासाठी लाँड्रीशेजारचा, बिराप्पाकडचा बॉयलर दिवसभर पेटलेला. त्यांनी प्रत्येक वॉर्डाकडून आदल्या संध्याकाळी यादी मागायला सुरुवात केली आणि सगळं तीन खेपांत बसवलं. लाकडाचा ट्रक आठवड्याला यायचा तो बारा दिवसांनी यायला लागला. फाटक्या चादरी बिराप्पाच्या बायकोच्या मशीनवर जाऊन लहान मुलांचे अंगरखे होऊन परत आल्या. स्वयंपाकघराला रोज सकाळी पेशंटांचा खरा आकडा जायला लागला, त्यामुळे हिरव्या डब्यात पोळ्या दिसेनाशा झाल्या. शहाण्णवच्या उन्हाळ्यात बोअर आटली तेव्हा आमच्याकडे दिवसाला एकच टँकर पुरला. आदल्या उन्हाळ्यात तीन लागले होते.

हे सगळं ऐकायला छान वाटतं. पण प्रत्येक गोष्टीसाठी शरयूबाईंना किती खेटे घालावे लागले ते आम्ही बघत होतो. आमचे प्रशासक रविराज इंगवले फौजेतून कॅप्टन होऊन निवृत्त झालेले. माणूस वाईट नव्हता. शिस्तीचा, वक्तशीर, गडबड न करणारा. पण त्यांची नजर पुढच्या दारापासून लिफ्टपर्यंतच जायची. शरयूबाई कागद घेऊन गेल्या की म्हणायचे, "मॅडम, रिपोर्ट ठेवून जा, मी कमिटीपुढे घालतो." कमिटी तीन महिन्यांनी बसायची. तोवर तो कागद दुसऱ्या कागदांखाली गेलेला असायचा.

एक दिवस शरयूबाईंनी मला बरोबर घेतलं. आमचा कचरा उचलायला एका ठेकेदाराचा ट्रॅक्टर यायचा. आम्ही रिक्षा करून त्याच्या मागे गेलो. ट्रॅक्टर निघण्याआधीच मला दिसलं होतं, पण लक्षात आलं नव्हतं: ड्रायव्हरने लाल, पिवळा, हिरवा, पांढरा, चारही डबे एकाच ट्रॉलीत ओतले आणि फावड्याने सारखे केले. गावाबाहेर मुरमाची जुनी खाण होती, तिथे ट्रॉली उलटली. बाटल्या वेचणाऱ्या बायका आधीच येऊन बसल्या होत्या.

शरयूबाई रिक्षातून उतरून काठावर उभ्या राहिल्या. दीड वर्ष आम्ही एकेक सुई वेगळी काढली होती.

"अहो, हे वेगळं केलेलं होतं," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.

"मला एकच ट्राली दिलीया, बाई. चार कुटनं आनू?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. परतताना मला राहवलं नाही. "मग आपण कशासाठी करतोय हे?" मी विचारलं.

"वॉर्डापासून ट्रॅक्टरपर्यंत तरी कोणाला टोचत नाही ना," त्या म्हणाल्या. मग रिक्षातून उतरताना, "पुरेसं नाही, मला माहीत आहे. उगीच मला सांगू नकोस."

त्यानंतर त्यांनी खड्डा मागितला. दवाखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत एक खोल पक्का खड्डा. सुया त्यात, वर चुना, वर सिमेंटचं झाकण. रक्ताच्या कचऱ्यासाठी दुसरा. इंगवले साहेबांनी सात महिन्यांनी परवानगी आणली. बिराप्पाने आणि दोन माणसांनी खणला. सत्त्याण्णवच्या जानेवारीत सुरू झाला आणि पहिल्यांदा ट्रॅक्टरमधून सुया जाणं थांबलं. ढीग निम्म्यावर आला. मागच्या भिंतीवरून कुत्री उड्या मारायची बंद झाली. शरयूबाई रोज दुपारी जेवण झालं की तिकडे एक फेरी मारून यायच्या. त्या दिवसांत त्यांना मी एक-दोनदा हसताना पाहिलं.

अकरा महिने. नोव्हेंबरात सीटी स्कॅनचं मशीन यायचं ठरलं आणि त्याच्या पेशंटांच्या गाड्यांसाठी मागची जागा सपाट करायचा निर्णय झाला. शरयूबाईंना ते कळलं तेव्हा रोलर फाटकातून आत आला होता.

"मॅडम, जागा तेवढीच आहे," इंगवले साहेब म्हणाले. "कचऱ्यासाठी दुसरी व्यवस्था बघू."

"कधी?"

"नेक्स्ट मीटिंगला घेतो."

सुया पुन्हा ट्रॅक्टरमधून जायला लागल्या. शरयूबाईंनी एवढंच केलं: लाल डबा भरला की तो आधी पाण्यात उकळून काढायचा, मगच बाहेर. बिराप्पाच्या बॉयलरवर आणखी एक खेप वाढली. त्यांना त्या खेपेचाही त्रास व्हायचा. वाचवलेलं लाकूड तिथे जळत होतं.

मग अठ्ठ्याण्णव साली दवाखान्यांच्या कचऱ्यासाठी सरकारचे नियम आले. शरयूबाईंना आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. चार वर्षं ज्यासाठी भांडल्या ते आता कायद्यात होतं. त्यांनी ती छापील पानं दोनदा वाचली आणि दुसऱ्यांदा वाचताना कपाळाला हात लावला. रंग वेगळे होते. नियमात सुया निळ्या किंवा पारदर्शक कडक डब्यात जायच्या. लाल पिशवी दुसऱ्याच कचऱ्याची. आमच्याकडे चार वर्षं लाल म्हणजे सुई.

त्या इंगवले साहेबांकडे गेल्या तेव्हा मी कसल्याशा सहीसाठी तिथेच होते. "मला पंधरा दिवस द्या," त्या म्हणाल्या. "एकेक वॉर्ड घेते. आधी माणसं शिकवते, मग डबे बदलू. आमच्या मावशा रंगावर चालतात. रंग एका दिवसात बदलला तर कोणाच्या तरी हाताला लागेल."

"शुअर, मॅडम. तुमच्या पद्धतीने करा," साहेब म्हणाले.

सप्टेंबरात शरयूबाई भावाच्या घरच्या कार्याला दोन दिवस वाईला गेल्या. चार वर्षांतली त्यांची ती दुसरी की तिसरी रजा. नेमका बुधवारी ट्रस्टींचा दौरा ठरला. त्याआधीच्या रविवारीच इंगवले साहेबांनी नियमांप्रमाणे मागवलेले नवे डबे गोदामातून काढून सगळ्या वॉर्डांत लावून टाकले. पायाने उघडणारे, चकचकीत, आत रंगीत पातळ पिशव्या. भिंतीवर इंग्रजीत तक्ता. आमचे पत्र्याचे डबे गाडीत घालून भंगारात.

सोमवारी सकाळी मी वॉर्डात आले. नवे डबे पाहिले, बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पत्र्याच्या डब्यांना गंज चढला होता. दहाची इंजेक्शनं द्यायला घेतली. तक्ता मी वाचला होता. तरीही तिसऱ्या की चौथ्या इंजेक्शनानंतर पेशंटच्या आईशी बोलता बोलता माझा हात आपोआप लाल डब्याकडे गेला. चार वर्षं हाताला जे शिकवलं होतं तेच त्याने केलं.

दुपारी बाराला तानूमावशीने लाल पिशवीचं तोंड बांधलं आणि उचलताना खालून तळहात लावला. ती ओरडली नाही. मी औषधांच्या कपाटाशी होते. तिने नुसता हात पुढे केला. तळव्यावर रक्ताचा बारीक थेंब होता.

"मावशी, ती पिशवी... त्यात सुया नसतात आता," मी म्हणाले.

"लालच हाय की, बाई," ती म्हणाली. "सुई लालमदीच व्हती. तुमचं काय चुकलं न्हाई."

मी तिचा हात नळाखाली धरला. वॉर्डात त्या दिवशी अठरा पेशंट होते. एकाला रक्तातून पसरणारी कावीळ होती. दोन ट्रक ड्रायव्हर होते, ज्यांचे एड्सच्या तपासणीचे निकाल यायचे होते. सुई कोणाची, ते मला आठवत नव्हतं.

शरयूबाई मंगळवारी सकाळी आल्या. मी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. त्यांनी मध्येच थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मी रागावले नाही असं समजू नकोस. रागावलेच आहे. पण तिचं रक्त तपासायला गेलं का ते आधी सांग." गेलं होतं. कावीळविरोधी लशीचा पहिला डोसही मी दिला होता. त्यांनी अपघातांची वही काढली आणि उभ्या-उभ्या सगळं लिहिलं: किती वाजता, कोणाला, कशाने, कोणाच्या हातून, डबे कधी आणि कोणाच्या हुकमाने बदलले. खाली मी सही केली.

दुपारी इंगवले साहेब स्वतः मेट्रनच्या खोलीत आले. ही गोष्ट ते सहसा करत नसत.

"मॅडम, हे पान जरा पुन्हा लिहू या. 'किरकोळ दुखापत' म्हणा. कचऱ्याच्या सर्टिफिकेटसाठी तपासणी आहे पुढच्या महिन्यात."

"सुई टोचली. सुई टोचली असंच लिहिलंय."

"मी नियमाप्रमाणेच डबे लावलेत. ते तर तुम्हालाच हवे होते."

"डबे लावलेत, साहेब. माणसांना कोणी सांगितलं?"

साहेबांनी वहीकडे पाहिलं. मग म्हणाले, "एका पानाने दवाखान्याचं नुकसान होईल."

"मग होऊ द्या," शरयूबाई म्हणाल्या आणि वही कपाटात ठेवून किल्ली पदराला बांधली. ते पान तसंच राहिलं. तपासणीला आलेल्या माणसांनी ती वही मागितलीच नाही. त्यांनी डबे पाहिले, तक्ता पाहिला आणि सर्टिफिकेट मिळालं. ते पुढच्या दाराशी लावलं.

त्यानंतरचे तीन आठवडे शरयूबाई पुन्हा वॉर्डा-वॉर्डांतून फिरल्या, या वेळी उलटं शिकवत. लाल विसरा. निळा लक्षात ठेवा. मावशा वैतागल्या होत्या. एक म्हणाली, "आज लाल, उंद्या निळा, परवा आनि काय काडतील." बिराप्पा म्हणाला, "अक्का, सरकारनं आदी हितं यिऊन इचारायचं व्हतं." शरयूबाई पुढच्या वॉर्डाकडे निघाल्या. त्यांचे गुडघे दुखायला लागले होते. जिना चढताना कठड्याला धरायच्या.

तानूमावशीचं रक्त तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं होतं आणि सहा महिन्यांनी परत. मधले दिवस ती कामावर येत होती. पण तिच्या सुनेने तिचं ताट आणि पेला वेगळा केला होता. नातवाला घ्यायला देत नव्हती. हे मावशीने सांगितलं नाही. तिच्या शेजारी राहणाऱ्या दुसऱ्या मावशीने सांगितलं. शरयूबाई मालगावला तानूमावशीच्या घरी गेल्या. सुनेला समोर बसवून तासभर समजावलं, की एका ताटात जेवल्याने, मूल घेतल्याने काही होत नाही. सून मान हलवत होती, चहासुद्धा केला. दुसऱ्या दिवशी मावशीला विचारलं तर म्हणाली, "प्याला तितंच हाय, बाई. वायला." शरयूबाईंनी हातातलं पेन टेबलावर आपटलं. मी त्यांना तसं करताना तेवढंच एकदा पाहिलं.

नव्याण्णवच्या फेब्रुवारीअखेर त्या निवृत्त झाल्या. सभागृहात निरोप समारंभ झाला. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की आमचा दवाखाना जिल्ह्यात कचऱ्याच्या व्यवस्थेत पहिला आहे आणि याचं श्रेय दूरदृष्टीच्या व्यवस्थापनाला आहे. शरयूबाई पहिल्या रांगेत शाल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं.

त्या उठल्या. "सफाईच्या कायम कामगारांना काविळीची लस द्यायचं आता ठरलंय," त्या म्हणाल्या. "ठेक्यावरच्या अकरा बायकांना नाही. पिशव्या त्यासुद्धा उचलतात. त्यांना द्यावी, एवढंच मला मागायचंय." आणि खाली बसल्या. लोकांना टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. मग चहा आला.

मार्चमध्ये तानूमावशीचा शेवटचा निकाल आला. काही नव्हतं. मी तो कागद तिला वाचून दाखवला. तिने तो घडी करून कनवटीला लावला आणि म्हणाली, "सुनंला दावते." दाखवला. पेला आणखी दोन महिने वेगळाच राहिला.

इंगवले साहेबांनी ठेक्यावरच्या बायकांची लस मंजूर केली, हे मी त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मला बोलावून म्हणाले, "यादी करा." मार्चमध्ये पहिला डोस दिला, एप्रिलमध्ये दुसरा. तिसरा सहा महिन्यांनी, म्हणजे सप्टेंबरात. मधल्या काळात ठेकेदार बदलला आणि अकरापैकी सात बायका गेल्या. नव्या सात आल्या, ज्यांना एकही डोस नव्हता. नव्यांसाठी पुन्हा कमिटीपुढे जायचं होतं. आणि फ्रिजमध्ये जुन्या नावांच्या अकरा कुप्या होत्या. चार वापरल्या. सात पडून होत्या.

तोवर लाँड्रीही बाहेर दिली गेली होती. सांगलीहून गाडी यायची आणि कपडे घेऊन जायची. बिराप्पाला फाटकावर बसवला होता. वॉर्डांकडून आदल्या संध्याकाळी यादी मागायची पद्धत नव्या मेट्रनबाईंच्या काळात महिनाभर चालली आणि सुटली. बॉयलर दिवसभर पेटलेला असायचा.

त्या सात कुप्या मला बघवेनात. एका रविवारी मी थर्मासमध्ये बर्फ घातला, वर कापूस, वर कुप्या, आणि तानूमावशीला बरोबर घेतलं. कोण कुठे राहते ते तिला सगळं पाठ. टाकळी, बेडग, मालगावच्या रस्त्यावरची वस्ती, स्टेशनमागच्या खोल्या. एकीला शेतात जाऊन गाठलं. एक दुसऱ्या दवाखान्यात झाडायला लागली होती. तिथेही पातळ पिशव्याच होत्या. संध्याकाळपर्यंत पाच जणी झाल्या. उरलेल्या दोघी बहिणी होत्या, नवऱ्यांबरोबर अथणीकडे गेल्या होत्या, पत्ता कोणाला माहीत नव्हता.

मी वाईला शरयूबाईंना सविस्तर पत्र लिहिलं. मनात होतं की त्या बरं म्हणतील. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. वर तारीख, खाली सही आणि मध्ये एकच ओळ: "त्या दोघींचा पत्ता काढ."

मला राग आला. दोन दिवस ते कार्ड मी ड्रॉवरमध्ये टाकून ठेवलं. मग जुन्या ठेकेदाराच्या मुकादमाला गाठलं, त्याच्याकडून एका गावाचं नाव मिळालं, तिथल्या ग्रामपंचायतीच्या नावाने पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. दुसरं टाकलं. तेही तसंच. कुप्यांवरची तारीख डिसेंबरअखेरची होती. ती निघून गेली तेव्हा मी त्या दोन्ही फ्रिजमधून काढल्या आणि नव्या मेट्रनबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवल्या, शेजारी अजून एकही डोस न मिळालेल्या नव्या सात बायकांची यादी. त्या म्हणाल्या, "ठेवा, पुढच्या मीटिंगला घेते."